हेमाताईंचा घोट

हेमाताई सबनीस कुणाच्या घरी गेल्या आणि समोर पाण्याचा ग्लास आला, की आधी ग्लासाकडे बघायच्या आणि मग देणाऱ्याच्या पायांकडे. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी बायको गौरी ट्रे घेऊन उभी, आणि या बाई चष्मा सावरून तिच्या घोट्यांपासून वर बघतायत. "पाय छान आहेत तुझे, सरळ," असं सर्टिफिकेट देऊन त्यांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, हुंगला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. मग पर्समधून स्वतःची बाटली काढून त्यातलं पाणी प्यायल्या. त्या गेल्यावर गौरी मला म्हणाली, "पुन्हा बोलावलंस त्या बाईला, तर पाणी तू द्यायचं. तुझ्या पोटऱ्या दाखव तिला."

मी तेव्हा तोक्योत, तोयोसुला एका कंपनीत कोड लिहायचो आणि ओजिमाच्या सरकारी इमारतींत राहायचो. हेमाताई आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, एकट्या. वय पन्नाशीच्या पुढे, केस पुरुषी कापलेले, बोलणं नगरी ठसक्याचं. एका संशोधन संस्थेत पाण्याचं रसायनशास्त्र ही त्यांची नोकरी. पण जीव अडकलेला रोमन सैन्यात. त्यातही लढाया नकोत, सम्राट नकोत, नुसतं पाणी! दोन हजार वर्षांपूर्वीचे हे शिपाई कूच करताना प्यायचे काय, यावर त्या एक पुस्तक लिहीत होत्या. ते कधी पुरं होणार, असं विचारायची आमच्या इमारतीत कुणाची छाती नव्हती.

"विचार कर," त्या मला सांगायच्या, म्हणजे मी नको म्हणालो तरी. "हजारो माणसं, वर खेचरं, रोज नवा मुक्काम. जंतू नावाची काही वस्तू असते हे जगात कुणाला ठाऊक नाही. तरी ही माणसं चालत राहिली. कशी?" मग त्यांचा धबधबा सुरू व्हायचा. मुक्कामाची जागा आधी पुढे जाऊन शोधणारे लोक, छावणी पडायच्या आधी खणलेल्या विहिरी, गढूळ पाणी निवळू देऊन कापडातून गाळणं, पाण्यात आंबट झालेली वाइन नाहीतर व्हिनेगर घालून पिणं. त्यांच्या स्वतःच्या बाटलीतही तांदळाच्या व्हिनेगरचे चार थेंब असायचे. मी एकदा भिडेखातर प्यायलो, संध्याकाळपर्यंत दात आंबलेले.

नव्या मुलखातलं पाणी चांगलं की वाईट हे ठरवायच्या त्या लोकांच्या युक्त्या तर त्यांना तोंडपाठ. त्या पाण्यावर वाढलेल्या माणसांकडे बघायचं, त्यांचे पाय मजबूत आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का. पितळेच्या भांड्यावर पाणी शिंपडून बघायचं, वाळल्यावर डाग राहतो का. उकळून निवू द्यायचं आणि तळाला रेती, गाळ बसतो का ते पाहायचं. त्यात कडधान्य टाकायचं, लवकर शिजतं का बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओढ्याचं पाणी तोंडाला लावायच्या आधी वर जाऊन बघायचं. "पाणी दिसतं कसं हे मला सांगू नकोस, येतं कुठून ते सांग," हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की इमारतीतली पोरं त्यांची नक्कल करायची.

आम्ही हसायचो, पण एकदा आमची चांगली जिरली. आमच्या तिथल्या मराठी मंडळाची सहल तोक्योच्या पश्चिमेच्या डोंगरात गेली होती. ओढा असा की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पोरं बाटल्या घेऊन धावली, तर हेमाताई आडव्या. "थांबा! आधी तिघं जण वर जाऊन या." तिघांत मी होतोच. शिव्या घालत, बूट भिजवत वर चढलो, आणि दुसऱ्या वळणावर पाण्यात मेलेलं हरीण. पोट फुगलेलं, माश्या घोंघावतायत, आणि त्याच्या अंगावरून तेच स्वच्छ पाणी खाली पोरांकडे चाललेलं. खाली येऊन सांगितलं तेव्हा हेमाताई "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने सगळ्यांना हरणाच्याही वर नेलं. तिथे प्यायचं पाणी वरच्या डोहातून, हातपाय धुणं त्याच्या खाली, आणि कुलकर्ण्यांचा कुत्रा सगळ्यात खाली अशी शिस्त लावून दिली. मला त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटायला लागला. व्हिनेगर मात्र परत घेतलं नाही.

मग तो भूकंप झाला. त्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी तो अंगावर घेतला त्यांनी करावं. तोक्योत आम्ही हादरलो, घाबरलो, पण वाचलो. उत्तरेला समुद्राने गावं नेली, फुकुशिमाची अणुभट्टी फुटली, आणि काही दिवसांनी आमच्याच नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलं, तान्ह्या बाळांना ते देऊ नका, अशी बातमी आली. कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, पाण्याच्या बाटल्या तासाभरात संपल्या.

अशा वेळी मराठी घर काय करतं? पाणी उकळतं. आमच्या इमारतीत घरोघरी पातेली चढली. आमच्याकडेही, कारण आमची मुलगी तेव्हा रांगत होती आणि पुण्याहून सासूबाई फोनवर बजावत होत्या, "चांगलं वीस मिनिटं खळखळून उकळ गं." हेमाताई जिन्यातून दारं ठोठावत ओरडत आल्या. "गॅस बंद करा! अरे शिकलेली माणसं ना तुम्ही? उकळून जंतू मरतात. हे जंतू नाहीत. पाण्याची वाफ होऊन जाईल आणि ते आत तसंच राहील, उलट दाट होईल!" आमच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी स्वतःच्या हाताने पातेलं सिंकमध्ये ओतलं. मग वर जाऊन स्वतःच्या साठ्यातल्या बाटल्या आणल्या आणि ज्या ज्या घरात तान्हं मूल होतं तिथे ठेवल्या. गौरी त्यांच्या गळ्यात पडून रडली. हेमाताईंना ते जमायचं नाही, त्या नुसत्या ताठ उभ्या राहिल्या.

एप्रिलमध्ये तोक्योचं पाणी निवळलं आणि दुकानांत बाटल्या परत आल्या. मंडळाने ठरवलं की उत्तरेला पाणी पोचवायचं. हेमाताईंना जपानी फर्डं येत होतं पण गाडी येत नव्हती. मला गाडी येत होती, म्हणून माझी वर्णी लागली. फुकुशिमाच्या डोंगरातलं एक गाव होतं. किनाऱ्यावरून पळालेल्या लोकांना त्या गावाने शाळेत ठेवून घेतलं होतं. तिथे बाटल्या उतरवल्या, आणि कुणीतरी सांगितलं, वरच्या वाडीत एक म्हातारा आहे, त्यालाही दोन खोकी द्या.

म्हाताऱ्याचं नाव कान्नो, तिकडच्या रीतीने कान्नो-सान. ऐंशीच्या घरातले, शेतकरी, डोक्याला टॉवेल बांधलेला. बाटल्या पाहून ते जे हसले! "मला पाणी? तोक्योहून?" आम्हाला हाताला धरून घरामागे नेलं. डोंगराच्या कुशीतून झरा येत होता, लाकडी पन्हळीतून दगडाच्या कुंडात पडत होता. "माझ्या आज्याने हे कुंड बसवलं. या पाण्यावर आम्ही सगळे वाढलो." हेमाताईंचे डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, झालं, आता आम्ही जेवायला जात नाही.

दोघांचं जे जमलं! हेमाताईंनी त्यांना रोमन शिपाई सांगितले, आणि म्हातारबाबांनी लगेच पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "बघा सेन्सेइ! पास का?" सेन्सेइ म्हणजे गुरुजी. पोटऱ्या खरंच दोरखंडासारख्या. मग त्यांनी देव्हाऱ्यातली पितळी वाटी आणली, पाणी शिंपडलं, उन्हात वाळवलं. डाग नाही. पाणी उकळून ठेवलं. तळाला कण नाही. सून मियुकी-सान सहासात महिन्यांची मुलगी पाठीला बांधून हसत हसत हे बघत होती. तिचा नवरा शहरात नोकरीला, शनिवारी यायचा. ती म्हणाली, या पाण्यात आमच्या सासऱ्यांच्या चवळ्या लोण्यासारख्या शिजतात. सगळ्या परीक्षा झाल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची कुठलीही फौज डोळे मिटून तिथे उतरली असती.

हेमाताईंनी तरी नमुना घेतलाच. बाटलीत पाणी भरून, झाकण लावून पिशवीत टाकलं. "संस्थेत तपासून कळवते. तोपर्यंत..." असं काहीतरी त्या म्हणत होत्या, तेवढ्यात कान्नो-सान बांबूच्या पेल्यात झऱ्याचं पाणी घेऊन समोर आले. दोन्ही हातांत पेला, कमरेत वाकलेले. पाहुण्यांना द्यायला चहा संपलाय, दुकान बंद आहे, एवढंच आहे, माफ करा म्हणाले.

मी हेमाताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता पर्समधली बाटली निघणार. नाही निघाली. त्यांनीही दोन्ही हात पुढे केले, पेला घेतला, आणि एका दमात रिकामा केला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "हेमाताई, तुम्ही चक्क प्यायलात?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "म्हातारा माणूस वाकून, दोन्ही हातांनी पाणी देतोय. दारात आलेल्याला पाणी, आणि तेही माफी मागून. मी काय त्याच्या तोंडावर नको म्हणू? एका पेल्याने मला या वयात काही होत नाही." यात मला काही चूक दिसली नाही. आपल्याकडे कुणीही तेच केलं असतं.

आठवडाभराने संस्थेतून निकाल आला. झऱ्यात आयोडीन होतं. मोठ्यांसाठीच्या मर्यादेच्या आत, तान्ह्या मुलांसाठीच्या मर्यादेच्या वर. हेमाताई माझ्या ऑफिसच्या लॉबीत येऊन उभ्या राहिल्या, पांढऱ्याफटक. "गाडी काढ. वाडीचा फोन लागत नाही." मी मॅनेजरला काय सांगितलं ते आठवत नाही. वाटेत त्या एकच बोलत होत्या, "मियुकीकडे आपण दिलेल्या बाटल्या आहेत. ती बाळाला त्याच देत असेल. बाटल्या आहेत ना तिच्याकडे." मी हो हो म्हणत राहिलो.

खोकी ओसरीत तशीच होती. एकही उघडलेलं नाही. मियुकी-सान स्वयंपाकघरात बाळाच्या दुधाची पावडर चमच्याने मोजत होती आणि बाजूला झऱ्याच्या पाण्याची किटली होती.

हेमाताईंनी उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं. घाबरू नका, मोठ्यांना चालेल, बाळाला मात्र नको, आजपासून फक्त बाटलीतलं. मियुकी-सानने चमचा खाली ठेवला. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "पण सेन्सेइ, तुम्ही प्यायलात ना? मी आधी बाटल्याच उघडणार होते. बाबा म्हणाले, पाण्याच्या सेन्सेइ स्वतः प्यायल्या, मग काय भीती? बाटल्या शाळेतल्या लोकांसाठी ठेवू."

कान्नो-सान मागे उभे होते, टॉवेल हातात घेऊन. त्यांनीच मान खाली घातली, जसा काही गुन्हा त्यांचा होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हेमाताई घरामागे गेल्या आणि झऱ्याच्या कडेने वर चढायला लागल्या. मी मागोमाग. वर कातळ होता, शेवाळ होतं, झाडाखाली जांभळी रानफुलं फुललेली, आणि कुठेतरी पक्षी गात होता. त्या थांबत, पाला उचकटून बघत, पुन्हा चढत. शेवटी जिथे पाणी जमिनीतून बाहेर पडतं तिथे पोचलो. त्या मातीत बसल्या. "काहीच नाही रे इथे," म्हणाल्या. "वर येऊन बघितलं तरी काहीच नाही." आणि त्या रडायला लागल्या, ओक्साबोक्शी, तोंडावर हात न घेता. मी शेजारी उभा राहिलो. एका पोरसवदा इंजिनियरने आईच्या वयाच्या बाईला कसा धीर द्यायचा, मला कळत नव्हतं.

मियुकी-सान दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन पश्चिमेला माहेरी गेली. थोड्याच दिवसांत सरकारने सगळं गावच रिकामं करायला सांगितलं. कान्नो-सानांना शहराबाहेर पत्र्याच्या तात्पुरत्या घरांच्या रांगेत एक खोली मिळाली. हे आयोडीन गळ्यातल्या ग्रंथीत साठतं, म्हणून बाळाच्या गळ्याची तपासणी झाली, पुन्हा झाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणत, सध्या काही नाही. त्यातला 'सध्या' मियुकी-सानला रात्रंदिवस ऐकू येत असणार. मी बाप आहे, मला तो ओजिमात बसून ऐकू येत होता.

हेमाताईंनी ते पुस्तक सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या शिपायांना कसलं पाणी प्यायचं नाही हे बघून कळायचं. मला बघून कळलं नाही, आणि मी वर पिऊन दाखवलं. आता मी कुणाला काय शिकवू?" मी म्हटलं, ताई, तुम्ही माणुसकीने प्यायलात. तर माझ्यावरच उसळल्या. "माणुसकी माझी, आणि दूध त्या पोरीच्या पोटात! गप्प बस."

पण झऱ्यावर जाणं सोडलं नाही. गावात दिवसा जायला परवानगी होती. दर दीड-दोन महिन्यांनी मी त्यांना न्यायचो. त्या नमुना भरायच्या, तपासायच्या. पावसाळा उलटेपर्यंत झरा स्वच्छ झाला आणि नंतर प्रत्येक वेळी स्वच्छच निघाला. दर वेळी निकाल घेऊन त्या पत्र्याच्या घरात जात आणि कान्नो-सानांसमोर गुडघ्यांवर बसत.

"पाण्यात काही नाही, कान्नो-सान."

"असं का. मग मी घरी जाऊ?"

"नाही. पाणी ठीक आहे. माती अजून ठीक नाही."

"असं का," ते पुन्हा म्हणत आणि टीव्हीकडे वळत. दिवसभर टीव्हीसमोर बसून त्यांचे पाय बारीक झाले होते. उठताना भिंत धरायचे. हेमाताई त्या पायांकडे बघायचं टाळत. सुपरमार्केटच्या बाटल्या कोपऱ्यात रचलेल्या असायच्या आणि त्यातलं पाणी त्यांना आवडायचं नाही. एकदा ते म्हणाले, "सेन्सेइ, मरताना तरी माझं पाणी द्याल? तुम्हीच आणा." जपानी लोकही जाणाऱ्याचे ओठ पाण्याने भिजवतात. आपण गंगाजल घालतो तसंच. हेमाताई "हो" म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मियुकी-सानचा फोन आला. त्या एप्रिलनंतर ती हेमाताईंशी पहिल्यांदाच बोलत होती. सासरे अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी आशा सोडलीय, त्यांचं एवढंच मागणं आहे. आम्ही पहाटे निघालो. झऱ्यावर बर्फ होता, पन्हळ मोडून पडलेली. हेमाताईंनी बर्फात गुडघे टेकून उघड्या हातांनी बाटली भरली. उशीर होईल म्हणून मी घाई करत होतो, पण त्यांनी बाटली दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरली. आम्ही पोचलो तेव्हा कान्नो-सान नुकतेच गेले होते.

खोली एवढीशी. अंथरुणाजवळ मुलगा, मियुकी-सान, दोन शेजारी. कोपऱ्यात छोटी मुलगी, आता चांगली चालती-बोलती, लाल स्वेटर घातलेली. हेमाताईंनी दोन्ही हातांनी बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तपासलंय. त्याआधीही. काही नाही यात." मियुकी-सानने वाकून बाटली घेतली. झाकणाला हात लावला आणि थांबली. मुलीकडे पाहिलं. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "हिला जरा बाहेर नेता का? आधी बाहेर न्या, मग उघडते."

नवरा उठायला लागला. पण तो बापाचा मुलगा होता, ओठ भिजवायचा पहिला मान त्याचा. हेमाताईंनी त्याला खांद्याला धरून बसवलं, मुलीसमोर हात धरला आणि म्हणाल्या, "चल गं राणी, आपण दोघी बाहेर थांबू." मराठीतच म्हणाल्या. मुलीला काय कळलं कोण जाणे, तिने बोट धरलं.

मी दारापाशी होतो. आत कापसाचा बोळा पाण्यात बुडवत होते, बाहेर त्या दोघी पत्र्याच्या रांगांमधल्या वाटेवर उभ्या होत्या. छपराच्या पन्हळीला बर्फाच्या कांड्या लटकल्या होत्या, त्यातली एक मोडून मुलीच्या बुटापाशी पडली. ती खाली वाकली, मग हात मागे घेतला आणि हेमाताईंकडे वर बघून जपानीत विचारलं, "याला हात लावला तर चालेल?"

हेमाताईंनी त्या कांडीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं.

"आईला विचारू हं," त्या म्हणाल्या. आणि दार उघडायची वाट बघत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.